आईचा पगार, लेकराची संधी: मुंबईतील घरकामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. कामगार मंत्री व मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मुंबईतील सर्व गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी व रहिवासी

विषय: घरकामगारांना किमान वेतन, भरपगारी रजा व सामाजिक सुरक्षा आणि त्यांच्या मुलांना बारावीपर्यंत समान संधी मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही मुंबई आणि उपनगरांत धुणी-भांडी, केर-लादी, पोळ्या-स्वयंपाक, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे सांभाळणे ही कामे करणाऱ्या बायका आहोत. वस्त्यावस्त्यांतून बैठका घेऊन आमच्या संघटनेने हे मागणीपत्र तयार केले आहे. यात पगाराच्या मागण्या आहेत आणि मुलांच्या शिक्षणाच्याही आहेत. पगाराचे कामगार खात्याकडे आणि शाळेचे शिक्षण खात्याकडे द्या, असे आम्हाला अनेकदा सांगण्यात आले. पण आमच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आईला किती पैसे मिळतात, ती किती वाजता घरी येते, आजारी पडली तर तिचे काम टिकते का, यावर तिची मुलगी दहावीपर्यंत पोहोचणार की नाही हे ठरते. म्हणून आम्ही दोन्ही मागण्या एकाच कागदावर मांडत आहोत आणि त्यांचे उत्तरही एकत्रच मिळावे, अशी आमची विनंती आहे.

पार्श्वभूमी

मुंबई गरीब शहर नाही. 2024 च्या हुरून यादीनुसार या शहरात 92 डॉलर-अब्जाधीश राहत होते आणि त्या वर्षी मुंबईने बीजिंगलाही मागे टाकले. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्याच शहरात 2011 च्या जनगणनेनुसार शंभरातली चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. आमच्यातल्या बहुतेकजणी त्या चाळीसांतल्या आहेत आणि कामाला जातात त्या उरलेल्यांच्या घरी.

देशाचे चित्रही असेच आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, 2022-23 मध्ये भारतातील वरच्या 1 टक्का लोकांकडे देशाच्या एकूण उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नाचे सुमारे 15 टक्के आले.

उत्पन्नातली ही दरी पुढच्या पिढीकडे तशीच जाते, हे आमचे खरे दुखणे आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या 2018 च्या अहवालात एक हिशेब आहे. तळाच्या उत्पन्न गटात जन्मलेल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. श्रीमंताबद्दल आपल्याकडे म्हणतात की त्याच्या सात पिढ्या बसून खातील. इथे मात्र सात पिढ्या राबल्यावर कुटुंब फक्त सरासरीला पोहोचते. जागतिक आर्थिक मंचाच्या 2020 च्या सामाजिक गतिशीलता निर्देशांकातही 82 देशांत भारत 76 वा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत याच विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात एका माणसाला एक मत आणि एका मताला एक मोल मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ती दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मतदानाच्या रांगेत आम्ही आणि आमचे मालक एकामागे एक उभे राहतो. आमची आणि त्यांची मुले अशी एकत्र कुठे उभी राहतात?

आमची भूमिका

दार सगळ्यांसाठी उघडे आहे, हुशार मूल कुठूनही पुढे येते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या म्हणण्यात दारापर्यंत पोहोचायच्या वाटेचा विचार नाही. ती वाट कशी असते, हे एका दिवसावरून सांगतो.

नववीतल्या मुलीच्या आईला ताप येतो. आईकडे चार घरांची कामे आहेत. महिन्याला दोन खाडे माफ, पुढच्या खाड्याला पैसे कापले जातात आणि आजार लांबला तर घरच सुटते, हा आमच्या कामातला सर्रास चालणारा नियम. घर सुटू नये म्हणून आई मुलीला बदली पाठवते. मुलगी सकाळी टॉवरच्या गेटवर उभी राहते. वॉचमन सोसायटीच्या ॲपमध्ये तिचा फोटो काढतो, घरातून होकार येतो, सर्व्हिस लिफ्टने ती वर जाते. चार घरची भांडी आणि लादी उरकेपर्यंत शाळेची वेळ संपलेली असते. त्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर असते आणि सोसायटीच्या गेटवरच्या नोंदीत हजर. असे दिवस महिन्यात तीन-चार झाले की गणित सुटते, मग इंग्रजी. सहामाहीत नापास झाल्यावर घरात बोलणे होते की नाहीतरी जमत नाही, तर दोन घरे कायमची धर.

या मुलीच्या शाळेत फी नव्हती, पुस्तके मोफत होती, शिक्षकही होते. तिच्या आईला आजारपणाची भरपगारी रजा नव्हती, तेवढ्यावर तिची शाळा सुटली. आमच्या सगळ्या मागण्यांचे मूळ इथे आहे. आईचा पगार, आईची रजा आणि आईची वेळ यांतूनच लेकराची संधी घडते. शाळेतली फी माफ करून ही वाट पूर्ण होत नाही.

विभाग अ: वेतन आणि काम

मागणी 1. घरकामासाठी तासाचे किमान वेतन अधिसूचित करावे.

कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, राजस्थान या राज्यांनी घरकामाचे किमान दर जाहीर केले आहेत. मुंबईत मात्र आमचा दर गेटवर ठरतो. गरज जास्त असलेली बाई कमी पैशांत घर धरते आणि त्या मजल्यावरचा सगळ्यांचा दर खाली येतो. मुंबई महानगरासाठी तासाला किमान 125 रुपये दर असावा आणि महागाई निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी तो वाढावा, अशी आमची मागणी आहे. दिवसाला सहा तास आणि महिन्याला 26 दिवस काम धरले, तर 19,500 रुपये होतात. खोलीचे भाडे, रेशनबाहेरचे धान्य, गॅस, लोकल आणि बसचे भाडे, औषधपाणी आणि दोन मुलांच्या शाळेचा वरखर्च यात ओढूनताणून बसतो. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ आम्ही यात धरलेला नाही. तो आजही आमच्या पदरचा आहे.

मागणी 2. आठवड्याची सुट्टी, वर्षाला 15 दिवस भरपगारी रजा आणि आजारपणाची वेगळी रजा द्यावी. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळावा.

खाड्याचे पैसे कापण्याची पद्धत बंद व्हावी. आजारपणात काम सुटणार नाही, याची लेखी हमी मिळावी. वर सांगितलेली मुलगी शाळेतच राहावी, यासाठीची ही सर्वांत स्वस्त योजना आहे. तिला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

मागणी 3. गेटवरची नोंद हा आमच्या कामाचा पुरावा मानावा.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. मंडळाकडे नोंदणी करायची तर मालकाकडून काम करत असल्याचा दाखला मागितला जातो. तो मागितला की पुष्कळ घरांत एकच उत्तर मिळते: ‘उगाच कागदपत्रांच्या भानगडीत आम्हाला पाडू नकोस.’ दाखला नाही म्हणून नोंदणी नाही आणि नोंदणी नाही म्हणून मदत नाही. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात सरकारने नोंदीत घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, तेव्हा नोंदणी नसलेल्या आणि नूतनीकरण राहून गेलेल्या आमच्या बहिणी त्यातून वगळल्या गेल्या. काम मात्र सगळ्यांचेच बंद होते.

सोसायटीत आम्ही किती वाजता आत गेलो आणि किती वाजता बाहेर पडलो, याची मिनिटामिनिटाची नोंद सोसायटीकडे असते. ही नोंद आमच्यावर नजर ठेवायला चालते, तर आमचा हक्क सिद्ध करायलाही चालली पाहिजे. प्रत्येक सोसायटीने वर्षातून एकदा सही-शिक्क्याचा कामाचा दाखला द्यावा आणि मंडळाने तो पुरेसा मानावा. ॲपवर आमच्याबद्दल लिहिलेले शेरे आम्हाला दाखवावेत आणि त्यावर आमचे म्हणणे नोंदवण्याची सोय असावी.

मागणी 4. कल्याण मंडळ त्रिपक्षीय करावे आणि माथाडी मंडळांच्या धर्तीवर चालवावे.

आज मंडळाकडून 55 वर्षे पूर्ण झालेल्या नोंदीत घरकामगाराला एकदाच 10,000 रुपये सन्मानधन मिळते. तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांची घरे सांभाळल्यावर मिळणारी ही रक्कम मुंबईत दोन-तीन महिनेही पुरत नाही.

याच राज्याने 1969 मध्ये माथाडी कायदा करून दाखवला. हमालाला एक कायमचा मालक नसतो; तो आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तरीही मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ उभे राहिले. मालकाने मजुरीसोबत ठरावीक लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना यांची सोय करायची, अशी पद्धत बसली. आम्हालाही एक मालक नाही. चार घरांचे चार मालक आहेत. जे हमालांसाठी जमले ते आमच्यासाठी जमणार नाही, असे म्हणायला कारण नाही. प्रत्येक घराने पगारावर 10 टक्के लेव्ही मंडळाकडे भरावी आणि त्यातून 60 वर्षांनंतर मासिक पेन्शन, प्रसूती काळातील वेतन आणि आजारपणाचा खर्च भागवावा.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला समिती नेमावी, असे निर्देश केंद्राला दिले आहेत. राज्याने त्या समितीची वाट पाहत थांबू नये. माथाडी कायद्याच्या वेळी महाराष्ट्र दिल्लीच्या मागे नव्हता.

विभाग ब: मुलांची संधी

कष्टकऱ्यांकडून वसूल होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि कष्टकऱ्यांची मुले कोरडीच राहतात, असे महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यांनी तेव्हाच केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात ती अमलात आणायला सुरुवात केली. त्या परंपरेच्या राज्याकडे आम्ही पुढील मागण्या करत आहोत.

मागणी 5. ‘गरीब कोण’ याची रेषा एकच असावी.

राज्यात शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल घटकात बसायचे तर पालकांचे वार्षिक उत्पन्न 1 लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. महिन्याला 8,334 रुपये मिळाले की ही रेषा ओलांडली जाते. म्हणजे तीन-चार घरची कामे करणारी एकटी बाई त्यात बसत नाही. तीच बाई लाडकी बहीण योजनेत बसते, कारण तिथे मर्यादा अडीच लाख आहे. आठवीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मर्यादा साडेतीन लाख आहे. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात माफी देण्याचा निर्णय राज्याने जुलै 2024 मध्ये घेतला, तिथे मर्यादा 8 लाख आहे.

इंजिनीअरिंगच्या दारात 8 लाखांचे कुटुंब गरजू ठरते आणि पहिलीच्या दारात 1 लाखाचे कुटुंब सधन. मूल जितके लहान, तितकी अट कडक, असा हा उलटा न्याय आहे. पहिलीच्या दारातून परत पाठवलेल्या मुलीला इंजिनीअरिंगच्या फीमाफीचा काय उपयोग? आरटीईची मर्यादा अडीच लाखांवर आणावी आणि महागाईबरोबर ती आपोआप वाढावी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पगारपत्रक मागू नये. आम्हाला ते कुणी देत नाही. मंडळाची नोंदणी आणि स्वयंघोषणा पुरेशी मानावी.

मागणी 6. आरटीईचे संरक्षण बारावीपर्यंत न्यावे आणि 25 टक्के जागांना पुन्हा हात लावू नये.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्के जागांमधून सूट मिळाली. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात या नियमाने बहुतेक खासगी शाळा गरीब मुलांना बंद झाल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. न्यायालयाने वाचवलेल्या या जागा सरकारने मनापासून जपाव्यात. शाळांचा परतावा वेळेवर द्यावा. तो थकला की शाळेचा राग आमच्या मुलांवर निघतो. सहल, गणवेश, स्नेहसंमेलन, ॲप अशा नावांखाली घेतले जाणारे पैसे या मुलांकडून घेऊ नयेत.

कायद्याचे संरक्षण वयाच्या 14 व्या वर्षी, आठवीला संपते. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी भरायची वेळ येते आणि आठ वर्षे तिथे शिकलेले मूल मित्रमैत्रिणींचा निरोप घेऊन बाहेर पडते. ज्या शाळेत घेतले त्या शाळेत बारावीपर्यंत, आणि शाळा दहावीला संपत असेल तर दहावीपर्यंत, शुल्काची जबाबदारी राज्याने घ्यावी.

मागणी 7. महापालिकेची एकही शाळा आठवीला संपू नये.

महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीपासून तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीपर्यंत आठ भाषांत शाळा चालवते आणि 27 शालोपयोगी वस्तू मोफत देते. हे मोठे काम आहे आणि आमच्या मुलांनी त्याचा लाभ घेतला आहे. पण पालिकेच्या बहुसंख्य शाळा प्राथमिक आहेत. सातवी-आठवीनंतर मुलाने दुसरी शाळा शोधायची, दाखला काढायचा, प्रवेश मिळवायचा, लांब जायचे. मुलीच्या बाबतीत ‘लांब’ हा शब्द घरात उच्चारला गेला की शिक्षण थांबण्याची शक्यता वाढते. प्रत्येक प्राथमिक शाळेला चालत जाण्याच्या अंतरावर पालिकेचे नववी-दहावीचे वर्ग जोडावेत. रिकामी शिक्षकपदे आधी भरावीत.

मागणी 8. पूर्ण दिवसाची पाळणाघरे आणि रात्री 10 पर्यंत उघड्या अभ्यासिका हव्यात.

अंगणवाडी काही तासांत सुटते. आमचे काम सकाळी लवकर सुरू होऊन दुपारपर्यंत, आणि पोळ्यांचे काम असेल तर रात्रीपर्यंत चालते. मधल्या वेळात धाकट्याला कोण सांभाळते? थोरली मुलगी. म्हणून प्रत्येक वस्तीत सकाळी 7 ते रात्री 8 पर्यंत चालणारे पाळणाघर हवे. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती मुंबईत वस्तीपातळीवर पोहोचवावी.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच माणसे, टीव्ही, स्टोव्ह आणि पाण्याची पिंपे असतात. अभ्यासाला बसायचे तर दाराच्या उंबऱ्यावर, गल्लीतल्या दिव्याखाली. ज्या घरांत आम्ही लादी पुसतो तिथे मुलाला स्वतःची खोली, टेबल, इंटरनेट आणि शिकवणीचे मास्तर असतात. परीक्षेला दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि निकालाला आपण गुणवत्ता म्हणतो. पालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. त्या उघडाव्यात, तिथे दिवे, पंखे, इंटरनेट आणि मानधनावर शिकवणारे पदवीधर तरुण असावेत. मुलींच्या घरी परतण्याची सुरक्षित व्यवस्था असावी.

मागणी 9. 14 ते 18 वयोगटातल्या मुलींना घरकामातून बाहेर काढावे.

घरकामावर 14 वर्षांखालील मूल ठेवायला कायद्याने बंदी आहे. मोफत शिक्षणाचा हक्कही 14 लाच संपतो. ज्या दिवशी शाळेचे संरक्षण जाते, त्याच दिवशी कामावर ठेवायची मनाई उठते. 18 वर्षांखालील मुलीला घरकामावर, बदली म्हणूनही, ठेवू नये, असा नियम राज्याने करावा. त्यासोबत शाळेत राहणाऱ्या मुलीच्या खात्यात नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये जमा करावेत. नुसती बंदी घातली तर मुलगी लपून काम करेल. पैसे आणि आईची रजा सोबत आली, तर ती वर्गात बसेल.

विभाग क: पैसा कुठून येईल

मागणी 10. शहराच्या संपत्तीतून घरकामगार आणि शिक्षण निधी उभारावा.

‘मागण्या रास्त आहेत, पण तिजोरीत खडखडाट आहे,’ हे उत्तर आम्हाला माहीत आहे. म्हणून पैशाचा मार्गही आम्हीच सुचवतो.

महाराष्ट्राने 1970 च्या दशकात रोजगार हमी योजना आणली. दुष्काळी भागातल्या मजुराला हक्काने काम मिळावे म्हणून 1975 मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. नोकरदाराच्या पगारातून थोडे पैसे जायचे आणि गावच्या मजुराला खडी फोडण्याचे, पाझर तलावाचे काम मिळायचे. त्या योजनेकडे बघूनच पुढे देशाने रोजगार हमीचा कायदा केला. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे हा कर वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपयेच घेता येतो. ही मर्यादा 1988 मध्ये ठरली आणि आजही तीच आहे. परिणामी कंपनीचा कारकून आणि तिचा कोट्यवधींचा पगार घेणारा प्रमुख सारखाच व्यवसाय कर भरतो. वरच्या पगारांसाठी ही मर्यादा वाढवावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

जे राज्याच्या हातात आहे ते लगेच करावे. टॉवर बांधताना बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. टॉवर उभा राहिल्यावर तो रोज स्वच्छ ठेवणाऱ्या बाईसाठी मात्र काही घेतले जात नाही. मुंबईत 5 कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत अर्धा टक्का उपकर घ्यावा आणि तो घरकामगार मंडळात जमा करावा. 5 कोटींच्या घरावर तो अडीच लाख होतो. इतके महाग घर घेणाऱ्याचा व्यवहार एवढ्याने अडत नाही.

महापालिकेच्या बँकांतील ठेवी अलीकडच्या वर्षांत 80 हजार कोटी रुपयांच्या आसपास राहिल्या आहेत. त्यातला काही भाग देण्यांसाठी राखीव असतो, हे आम्ही जाणतो. तरीही ठेवींच्या व्याजातला ठरावीक वाटा माध्यमिक वर्ग, पाळणाघरे आणि अभ्यासिकांना देण्याचा ठराव महापालिकेने करावा.

काही आक्षेप आणि आमची उत्तरे

‘दर वाढला तर लोक बाई ठेवणार नाहीत.’ काही घरे एखादे काम कमी करतील, हे खरे. पण मुंबईतला नोकरदार माणूस ऑफिसला वेळेवर पोहोचतो, तो आम्ही त्याच्या आधी त्याच्या दारात पोहोचतो म्हणून. ही गरज दर वाढल्याने संपत नाही. दर सगळीकडे सारखा झाला, तर एका बाईला पाडून दुसरी स्वस्तात घेण्याचा प्रकार थांबेल.

‘पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे एवढे पैसे कुठून देणार?’ हा प्रश्न आम्हालाही पडतो. अशा घरांत आमच्यापैकी अनेकजणी वर्षानुवर्षे मायेने काम करत आहेत. ठरावीक उत्पन्नाखालील एकट्या ज्येष्ठांची लेव्ही निधीतून भरावी. श्रीमंत घरांचा वाटा अशाच ठिकाणी उपयोगी यावा.

‘घर म्हणजे कारखाना नव्हे, बाई घरच्यासारखीच असते.’ घरच्या माणसाला तापात सुट्टी मिळते. तेवढीच आम्ही मागत आहोत.

‘मोलकरणीच्या मुलीला दहावीला नव्वद टक्के पडल्याच्या बातम्या येतातच की.’ त्या मुलींचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. अशा प्रत्येक मुलीमागे कुणीतरी फी भरलेली असते, एखाद्या शिक्षिकेने घरी बसवून शिकवलेले असते, एखाद्या मालकिणीने आईला परीक्षेच्या महिन्यात रजा दिलेली असते. म्हणजे आम्ही मागतो तेच तिला मिळालेले असते, फक्त नशिबाने. नशिबाने एकीला मिळाले ते नियमाने सगळ्यांना मिळावे.

आमची बांधिलकी

हक्कासोबत जबाबदारी आम्ही घेतो. संघटनेची प्रत्येक सभासद 18 वर्षांखालील मुलीला बदली पाठवणार नाही. रजा घ्यायची असेल तर आदल्या दिवशी कळवू, आणि बदली बाईची यादी प्रत्येक वस्तीत संघटना ठेवेल. मंडळाच्या लेव्हीत आमच्या वाट्याचा 2 टक्के हिस्सा आम्ही स्वतः भरू. पाळणाघरे आणि अभ्यासिकांच्या देखरेख समित्यांवर आमच्या सभासद विनामोबदला बसतील.

उत्तराची मुदत

मागणी 2 आणि 3 यांना नवा कायदा लागत नाही, सोसायट्यांचा ठराव आणि दाखल्याला मंडळाची मान्यता एवढे पुरेसे आहे. ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. मागणी 5 शासन निर्णयाने पूर्ण होऊ शकते. ती पुढच्या आरटीई प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी व्हावी. मागणी 1 आणि 4 वर मालक, कामगार व सरकार यांची समिती 60 दिवसांत नेमावी आणि तिच्यात निम्म्या जागा काम करणाऱ्या घरकामगार बायकांना द्याव्यात. मागणी 7, 8 आणि 10 यांचा समावेश महापालिकेच्या व राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात व्हावा. मागणी 6 आणि 9 यांबाबत राज्याची लेखी भूमिका येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी.

प्रत्येक मागणीवर ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अंशतः मान्य’ असे कारणासह लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे. ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही. लेखी उत्तर आले नाही, तर वॉर्डावॉर्डात घरकामगारांच्या सभा घेऊ, सोसायट्यांच्या रहिवाशांना या मागण्यांवर सह्या करण्याचे आवाहन करू आणि ठरलेल्या दिवशी आपल्या मुलामुलींसह आझाद मैदानात धरणे धरू. त्या दिवसाची सूचना मालकांना आठवडाभर आधी देऊ, कारण आमचे भांडण कुठल्या घराशी नाही. आमच्या आया ज्या कामातून बाहेर पडू शकल्या नाहीत आणि आम्हीही पडलो नाही, ते काम आमच्या मुलींनी करायचे की नाही हे त्यांचे त्यांना ठरवता यावे, एवढ्यासाठी हा लढा आहे आणि तो आम्ही नेटाने लढणार आहोत.

आपल्या विश्वासू,
मुंबई व उपनगरांतील घरकामगार महिलांच्या संघटनेच्या वतीने
अध्यक्ष, सरचिटणीस आणि सर्व वस्ती प्रतिनिधी
मुंबई